टाचण तासाआधी लिहितो, तास झाल्यावरचं कुठे लिहायचं?

रानजाई

मंडळी, शिक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या चिंतनाबद्दल इथे सविस्तर बोलावं असं बरेच दिवस मनात आहे. प्रशिक्षणांत ‘चिंतनशील शिक्षक’ हे शब्द सारखे कानावर पडतात. पण तासाची घंटा झाल्यावर नेमकं करायचं काय, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून थेट एका गणितापासून सुरुवात करते.

चौथीचा वर्ग. फळ्यावर ४०३ − १६८. वह्या गोळा केल्या की बहुतेक तीन उत्तरं सापडतात: २३५, ३६५ आणि ३३५. पहिलं बरोबर. उरलेल्या दोन्हींवर लाल फुली पडते, खाली ‘सराव करा’ असा शेरा येतो आणि दुसऱ्या दिवशी तसलीच दहा गणितं दिली जातात.

आता त्या दोन चुका जवळून बघा. ३६५ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतंय. ८ मधून ३ गेले, उरले ५. ६ मधून ० गेलं, उरले ६. ४ मधून १ गेला, उरले ३. कोणती संख्या वर आहे आणि कोणती खाली, याचा त्याच्या लेखी काही संबंधच नाही. ३३५ लिहिणाऱ्या मुलाला मात्र हातचा घ्यायचा हे पक्कं ठाऊक आहे. त्याने ३ चे १३ केले, शून्याचे ९ केले, पण ते ९ आले कुठून याचा विचार झाला नाही, त्यामुळे शतकाच्या घरातला ४ तसाच राहिला. पहिल्या मुलाशी मुळापासून बोलायला हवं: चारशेतून दीडशेच्या वर गेले, तर साडेतीनशेहून जास्त उरतील का? दुसऱ्याच्या हातात काड्यांचे गठ्ठे दिले, शतकाचा एक गठ्ठा सोडून त्याचे दहा दशक करून बघितले, की त्याचं काम एका तासात होऊ शकतं. दोघांना तीच दहा गणितं दिली तर पहिला मुलगा आपली चुकीची रीत दहा वेळा घटवून आणखी पक्की करतो.

मी ज्याला चिंतन म्हणते ते एवढंच. मुलांनी जे लिहिलं, जे बोललं, त्याकडे तास संपल्यावर परत बघायचं. त्याने हे का केलं असेल, याचा अंदाज बांधायचा. आणि उद्याच्या तासात त्या अंदाजाप्रमाणे एखादी गोष्ट बदलून बघायची. तिसरी पायरी गाळली तर नुसती हळहळ उरते, आणि पहिली गाळली तर सगळं हवेत जातं.

‘माझा आजचा तास कसा झाला?’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. त्याचं उत्तर ‘बरा झाला’ किंवा ‘वाईट झाला’ एवढंच येतं आणि त्यातून उद्यासाठी काही हाती लागत नाही. मी विचारते: आज कोणत्या मुलाचं कोणतं उत्तर मला अनपेक्षित होतं? या प्रश्नाने नजर स्वतःवरून निघून मुलावर जाते. आत्मपरीक्षण म्हटलं की आपल्याकडे लगेच स्वतःला दोष देणं सुरू होतं, आणि दोष कुणाला आवडत नाही, म्हणून पुष्कळ चांगले शिक्षक त्या वाटेलाच जात नाहीत. इथे चौकशी मुलाच्या विचाराची आहे. शिक्षक तिथे गुन्हेगार नसतो, शोध घेणारा असतो.

टाचण, म्हणजे तासाची लेखी आखणी, आपण सगळेच काढतो: घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, साहित्य, प्रश्न. पण ते सगळं तासाआधीचं असतं. तास झाल्यानंतरच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘उद्दिष्ट साध्य झाले’ हे एकच वाक्य उतरत जातं. मी टाचण वहीचं उजवं पान कोरं ठेवते आणि तिथे मुलांची उत्तरं उतरवते. तुमच्याकडे काय चालतं ते वाचायला आवडेल. मुख्याध्यापकांनीही जरूर लिहा, कारण शाळेत हे टिकणार की नाही हे बरंचसं तुमच्या हातात असतं.

---

खडूफळा

रानजाई ताई, ३६५ आणि ३३५ मधला फरक वाचून उद्याच वह्या उघडून बघणार आहे. पण एक गोष्ट बोललीच पाहिजे.

माझी शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली ते चौथी. मी दोन वर्ग घेतो, मॅडम दोन घेतात. त्यांना प्रशिक्षणाला जावं लागलं की चारही वर्ग माझ्याकडे. पोषण आहाराच्या नोंदी, दुपारपर्यंत भरायच्या लिंका, ‘तात्काळ’ असं लिहून आलेली माहिती, निवडणूक आली की बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम. मुलं घरी गेल्यावर वर्ग झाडून कुलूप लावायचं कामसुद्धा आमचंच. यात शांत बसून वह्यांवर विचार कधी करायचा?

लोक म्हणतात शिक्षकांना वेळेची सबब सांगायची सवय आहे. त्यांच्यासाठी सांगतो: शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत शिक्षकाचे कामाचे तास आठवड्याला किमान ४५ धरले आहेत आणि त्यात पूर्वतयारीचा वेळ मोजलेला आहे. म्हणजे विचार करणं हे शिक्षकाचं पगारी काम आहे, हे कायद्यालाच मान्य आहे. याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक कामं शिक्षकाला देऊ नयेत असंही म्हटलंय. चिंतनाचा आग्रह धरणाऱ्यांनी या वेळेचाही तेवढ्याच जोराने आग्रह धरावा, एवढं माझं म्हणणं आहे.

---

रानजाई

खडूफळा सर, शंभर टक्के सहमत. वेळेचा मुद्दा बाजूला ठेवून चिंतनाची भाषणं देणं हा अन्यायच आहे.

माझं म्हणणं रोजचं नाही. आठवड्यात एक विषय आणि एक-दोन मुलं एवढंच बघितलं तरी चालतं. चाळीस वह्यांवर चाळीस फुल्या मारण्यापेक्षा चार वह्या नीट वाचलेल्या मला जास्त उपयोगी पडतात. बहुवर्ग शाळेत आणखी एक सोय होते. एक वर्ग स्वाध्यायात असतो तेव्हा त्या मुलांत जाऊन दोन मिनिटं गुपचूप ऐकायचं. गणित सोडवताना मुलं पुटपुटत असतात. त्या पुटपुटण्यात त्यांची रीत उघडी पडते आणि ते वहीतल्या उत्तरापेक्षा जास्त सांगून जातं.

---

शब्दवेल

अध्यापक महाविद्यालयात शिकवते, म्हणून थोडी पार्श्वभूमी जोडते. जॉन ड्युई यांनी १९१० मध्येच मांडलं होतं की माणूस खरा विचार करू लागतो तो अडखळल्यावर, गोंधळात पडल्यावर. जिथे सगळं सुरळीत चाललंय तिथे सवय काम करते, विचार नाही. पुढे १९८३ मध्ये डोनाल्ड शॉन यांनी वास्तुविशारद, मानसोपचारतज्ज्ञ, अभियंते अशा व्यावसायिकांच्या कामाकडे बघून दोन प्रकार वेगळे केले. एक, काम चालू असतानाच केलेला विचार. मुलांचे चेहरे बघून आपण उदाहरण मध्येच बदलतो, तो हा. दुसरा, काम संपल्यावर त्याकडे वळून केलेला विचार. अनुभवी शिक्षिका पहिला प्रकार दिवसभर करत असते, पण कुणी विचारलं तर तिला तो सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून तिच्या निवृत्तीबरोबर तो शाळेतून निघून जातो. मला दुसरा प्रकार महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

बी. एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि छात्रसेवाकाळाला, म्हणजे प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवण्याला, जास्त आठवडे मिळाले. छात्राध्यापकांना चिंतन रोजनिशी लिहावी लागते. त्या वाचताना माझा जीव तुटतो. ‘आजचा पाठ छान झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. फलकलेखनात सुधारणा हवी.’ तारीख बदलायची, बाकी तेच. आता मी एकच नियम घातलाय: रोजनिशीत रोज मुलाचं किमान एक वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत लिहायचं. मग आपलं म्हणणं.

या एका नियमाने फार फरक पडला. हवेला वजन असतं हा पाठ घेऊन आलेल्या एका छात्राध्यापकाच्या वहीत मुलीचं वाक्य होतं: ‘हवा भरल्यावर फुगा हलका होतो, म्हणून तर वर जातो.’ त्याने वर्गात ‘चूक, खाली बस’ म्हटलं होतं. वाक्य लिहिल्यावर मात्र तो स्वतःच थबकला. गटात चर्चा झाली तेव्हा ध्यानात आलं, तिच्या डोळ्यांसमोर जत्रेतला गॅसचा फुगा होता! तिचा अनुभव खरा होता, फक्त त्या फुग्यात साधी हवा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याने तोंडाने फुगवलेला फुगा आणि गॅसचा फुगा दोन्ही वर्गात नेले आणि तिच्याच वाक्यापासून पाठ सुरू केला.

आणखी एक उपाय बिनखर्ची आहे. मोबाईल खिशात ठेवून आपल्याच तासाचा पंधरा मिनिटांचा आवाज मुद्रित करा आणि घरी ऐका. फक्त एवढंच मोजा: प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवलं की शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्या मुलाला विचारतात किंवा उत्तर स्वतःच देऊन टाकतात. तेच तीन सेकंदांपर्यंत थांबलं, तर मुलांची उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागतात आणि ‘माहीत नाही’ कमी होतं. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. करून बघा.

---

कोकणकडा

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. रानजाई ताईंनी बोलावलंच आहे तर आमच्या खुर्चीवरून दिसतं ते लिहितो.

पहिली गोष्ट पाठ निरीक्षणाची. मुख्याध्यापक वर्गात मागे बसतो आणि लॉगबुकात लिहितो: ‘आवाज स्पष्ट. फलकलेखन सुवाच्य. वर्ग नियंत्रण चांगले. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ ही सगळी वाक्यं शिक्षकाबद्दलची आहेत आणि ती वाचून शिक्षकाला उद्या काय करायचं ते कळत नाही. मी आता मागे बसत नाही, बाजूला बसतो, म्हणजे मुलांचे चेहरे आणि वह्या दिसतात. लिहितो ते फक्त मुलांचं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने आकृती काढली पण नावं दिली नाहीत. खिडकीजवळच्या दोघांनी प्रश्न आपसांत सोडवला पण हात वर केला नाही. तास झाल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेता घेता ते कागद शिक्षकासमोर ठेवतो आणि विचारतो, ‘सर, तुम्हाला यात काय दिसतं?’ माझं मत शेवटी, तेही त्यांनी मागितलं तर.

दुसरी गोष्ट, मुख्याध्यापकाने आधी स्वतःचा तास उघडा करावा. आमच्याकडे सुरुवात अशीच झाली. नववीला भूगोल मी शिकवतो. दोन सहकाऱ्यांना मी माझ्या तासाला बोलावलं आणि मुलांकडे बघून नोंदी घ्या म्हणालो. साहेबांच्या तासावर बोलायचं म्हणून पहिल्यांदा ते अवघडले. पण एका मॅडमनी सांगितलं, ‘सर, नकाशावर तुम्ही पुढे बोट ठेवता तेव्हा मागच्या दोन ओळींना तुमची पाठच दिसते, ती मुलं तोवर वहीत दुसरंच काही करतात.’ एवढं साधं, आणि मला कधी कळलं नसतं. त्यानंतर आपला तास दाखवायला बाकीचे हळूहळू तयार झाले. मुख्याध्यापक स्वतः बाजूला राहून ‘तुम्ही चिंतन करा’ म्हणाला तर कोण कशाला करेल?

तिसरी गोष्ट वर्गाबाहेरची. शाळेचे निर्णयही असेच तपासून बघावे लागतात. आमच्याकडे उशिरा येणाऱ्या मुलांना परिपाठ संपेपर्यंत फाटकाबाहेर उभं करायची जुनी पद्धत होती. शिस्त म्हणून ती सगळ्यांना पटलेली होती. एकदा उशिरा येणाऱ्यांची नावं वाडीवार मांडली, तर बहुतेक मुलं दोनच वाड्यांची निघाली. त्या बाजूची एसटी पावसाळ्यात घाटातून हमखास उशिरा येते, आणि दुसरी गाडी नाही. मुलं शिस्तीला कमी नव्हती. तीन महिने त्यांना रोज आपण पावसात उभं करत होतो. आता पावसाळ्यात परिपाठ दुसऱ्या तासानंतर होतो आणि पहिला तास वाचनाचा असतो, म्हणजे उशिरा आलेल्या मुलाचं शिकवणं बुडत नाही. आगारप्रमुखांना पत्रही दिलंय. हा विचार स्टाफ मीटिंगमध्ये आला तो एका शिपाईमामांमुळे. फाटकावर तेच असतात, आणि रोज तीच मुलं थांबतात हे त्यांनी सांगितलं. तेव्हापासून वर्षातून काही बैठकांना शिपाई आणि पोषण आहार करणाऱ्या ताईंनाही आम्ही बोलावतो.

---

नदीकाठ

सगळं वाचलं. कोकणकडा सरांचा प्रतिसाद तर दोनदा वाचला. तरी मला एक भीती बोलून दाखवायची आहे.

२०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा मी उत्साहात होते. आकारिक मूल्यमापन, वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकाने स्वतः पाहिलेलं लिहायचं, केवढी सुंदर कल्पना! मग नोंदी तपासल्या जाऊ लागल्या. तपासणी आली तशी तयार वाक्यांची पुस्तिका आली, मग पीडीएफ, मग व्हॉट्सॲप. ‘स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो.’ ‘गटात सहकार्याने काम करते.’ चाळीस मुलांना फिरवून फिरवून तीच वाक्यं. कागद पूर्ण आणि मूल गायब.

चिंतनाचंही हेच होईल. उद्या कुणाला तरी वाटेल की ही छान गोष्ट सक्तीची करू या, नमुना येईल, रकाने येतील, आठवड्याला एक चिंतन अपलोड करा असं येईल. त्या दिवशी ते संपलं. म्हणून माझी वही मी कुणालाच दाखवत नाही आणि दाखवणारही नाही. तिथे मी ‘या मुलाचा मला राग येतो’ हेही लिहिते. कुणी वाचणार असेल तर मी ते कसं लिहीन? आणि ते लिहिल्याशिवाय तो राग मला दिसणार कसा? राग दिसला की दुसऱ्या दिवशी त्या मुलाशी बोलताना माझा सूर बदलतो. हे मी अनेकदा अनुभवलंय.

---

कोकणकडा

नदीकाठ ताई, तुमची भीती रास्त आहे. मी कुणाची वही मागत नाही आणि मागणारही नाही. शाळासिद्धी या सरकारी उपक्रमातल्या स्वयंमूल्यमापनाचा आराखडा २०१५ मध्ये आला, त्यात शाळेने सात क्षेत्रांत स्वतःकडे बघायचं असतं. आराखडा विचारपूर्वक केलेला आहे. पण तो एकाने संगणकासमोर बसून भरला तर ती निव्वळ माहिती होते. आम्ही एकेक क्षेत्र एकेका बैठकीला घेतलं आणि दोघांची मतं जिथे जुळली नाहीत तिथेच थांबून बोललो. फॉर्म तोच होता.

मात्र एका ठिकाणी मी तुमच्यापेक्षा वेगळा विचार करतो. वही खाजगी राहू दे, पण सगळंच खाजगी राहिलं तर आपल्याला आधीच पटलेलं तेच आपण पुन्हा पुन्हा लिहितो. नकाशापुढची माझी पाठ मला माझ्या वहीत कधीच सापडली नसती. एक तरी सहकारी हवा. वही न दाखवता, फक्त मुलांचं काम घेऊन बसायचं. राग-लोभ वहीत, वजाबाकी टेबलावर.

---

नदीकाठ

हे मात्र पटलं. मुलांच्या वह्या टेबलावर ठेवायला माझी काहीच हरकत नाही.

---

पाटीपेन्सिल

निवृत्त केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचं, केंद्राचं, काम बघायचो. वह्या टेबलावर ठेवण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद होते. मी नोकरीत असताना तिचं स्वरूप ठरलेलं: स्वागत, परिपत्रकांचं वाचन, माहिती कधीपर्यंत द्यायची त्या तारखा, एखाद्या शिक्षकाचं मार्गदर्शन, भोजन. मी त्यातली परिपत्रकं ग्रुपवर टाकायला लागलो आणि वाचलेल्या वेळेत एकच काम ठेवलं. प्रत्येक शाळेने एकाच प्रश्नाची मुलांनी सोडवलेली पाच-सहा पानं आणायची, त्यावरचं मुलाचं आणि शाळेचं नाव झाकायचं. नाव झाकलं की कुणाची शाळा पुढे, कुणाची मागे हा ताणच जातो. मग चार-चार जणांच्या गटात ती पानं वाचायची. पहिल्या दोन-तीन परिषदांना फार बोलणं झालं नाही. नंतर मात्र जेवणाची वेळ झाली तरी लोक उठेनात.

पाढे पाठ असलेलं मूल शाब्दिक गुणाकारात का अडतं, यावर एका गटाने सुचवलं की मुलं अंक शोधतात, वाक्य वाचत नाहीत. मग त्यांनी संख्या काढून टाकलेली शाब्दिक उदाहरणं तयार केली. ‘एका पेटीत काही आंबे आहेत. अशा काही पेट्या आहेत. एकूण आंबे काढायला काय कराल?’ मुलांना वाचण्यावाचून गत्यंतरच राहिलं नाही. ही कल्पना कुठल्या प्रशिक्षणातून आली नव्हती, आमच्याच केंद्रातल्या एका वस्तीशाळेतल्या मॅडमची होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते सगळे तास व्हिडिओ बघण्यात घालवण्याऐवजी अशा बैठका त्यात मोजल्या जाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आणि हे सगळं आपल्या मातीत नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असं म्हणून त्यांना मोकळं होता आलं असतं. त्यांनी मुलं का येत नाहीत ते पाहिलं आणि बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. आज देशभर बोलली जाणारी अंगणवाडी तिथून आली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. ‘मूल का येत नाही?’ हा प्रश्न त्यांनी शाळेला विचारला. शाळाप्रमुखाचं चिंतन म्हणजे काय, हे मला यापेक्षा चांगलं सांगता येणार नाही.

---

दूरगाव

मी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत शिकवते, माहेर साताऱ्याचं. खडूफळा सरांच्या वेळेच्या मुद्द्याला जोड म्हणून इथली व्यवस्था सांगते. इथल्या सरकारी शाळांत २००५ पासून शिक्षकाला शिकवण्याच्या वेळापत्रकातला किमान दहा टक्के वेळ नियोजन, तयारी आणि मूल्यमापनासाठी राखून मिळतो, आणि त्या वेळात त्याला बदली तासाला पाठवता येत नाही. नव्या शिक्षकांना २०२१ पासून त्याहून वर पहिल्या वर्षी आणखी दहा आणि दुसऱ्या वर्षी पाच टक्के सूट मिळते. इथेही कामाचा बोजा खूप आहे, शिक्षक सोडून जातात, त्यामुळे स्वर्ग आहे असं समजू नका. पण वेळ नियमात लिहिलेला असला की मागताना लाजावं लागत नाही.

---

शब्दवेल

दूरगाव ताई, धन्यवाद. पाटीपेन्सिल सरांची परिषद वाचून जपानची पाठ-अभ्यासाची पद्धत आठवली. तिथे काही शिक्षक मिळून एकच पाठ अनेक आठवडे तयार करतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांमध्ये उभं राहून कोण कुठे अडलं ते टिपतात आणि नंतर चर्चा पाठावर होते. पाठ सगळ्यांचा असतो, त्यामुळे घेणाऱ्याला आपल्यावर टीका झाली असं वाटत नाही. ती पद्धत तिथे शंभरहून अधिक वर्षं टिकली आहे.

---

अंगतपंगत

शिक्षक नाही, पालक आहे. धागा वाचून एक सांगावंसं वाटलं. पालकसभेत आम्हाला गुण, हजेरी आणि ‘घरी अभ्यास घ्या’ एवढंच कळतं. यंदा मुलाच्या बाईंनी सांगितलं, ‘तो वाचताना जोडाक्षर आलं की शब्द अंदाजाने पुरा करतो, म्हणजे अर्थाकडे त्याचं लक्ष आहे, तुम्ही त्याला अडवू नका, वाक्य संपल्यावर तो शब्द परत दाखवा.’ इतक्या वर्षांत माझ्या मुलाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. तुम्ही जे करता ते आमच्यापर्यंत असं पोचतं. कृपया करत राहा.

---

नवीपाटी

नमस्कार, मी शिक्षणसेवक आहे, पहिलीच नेमणूक. शाळेत बाकीचे सर चांगले आहेत, पण या विषयात कुणाला रस नाही. एकट्याने सुरुवात करता येईल का?

धागा वाचून पाचवीच्या वर्गात मुलांची उत्तरं लिहून घेतली. ३/४ आणि ५/६ यांत मोठा अपूर्णांक कोणता, असं विचारलं होतं. एक मुलगा म्हणाला, ‘दोन्ही सारखेच. दोन्हींत एकच तुकडा कमी आहे.’ हुशार मुलगा आहे. मी याचं काय करू?

---

रानजाई

नवीपाटी, सुरुवात तर तुम्ही केलीच आहे. सोबत हवी असेल तर हा धागा आहे, आणि शाळेतल्या सरांना ‘चिंतन करू या’ असं म्हणू नका. हेच उत्तर दाखवा आणि विचारा, ‘सर, तुम्ही असता तर याला काय विचारलं असतं?’ अनुभवी माणसाला असा प्रश्न आवडतो.

मुलाच्या उत्तराकडे बघा. एकच तुकडा कमी आहे हे त्याचं निरीक्षण बरोबर आहे. तो तुकड्यांची संख्या मोजतोय, तुकड्याचा आकार त्याच्या हिशोबात अजून आलेला नाही. ‘चूक’ म्हणू नका, छेद समान करायची रीतही लगेच देऊ नका. रीत दिली तर तो उत्तर बरोबर काढेल आणि मनात मात्र दोन्ही सारखेच राहतील. सारख्या लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या द्या, एकीचे चार, दुसरीचे सहा भाग करायला सांगा. मग फक्त कमी असलेल्या तुकड्यांबद्दल विचारा.

---

खडूफळा

रानजाई ताईंच्या म्हणण्यात भर. सहा भाग घडी घालून करताना मुलं गडबडतात, आधी तीन समान भागांत घडी आणि मग मधोमध दुमड असं दाखवावं लागतं. नाहीतर भाग असमान होतात आणि गाडी भलतीकडेच जाते. आणि त्याच मुलाला पुढे ७/८ आणि ९/१० बद्दल विचारा, पट्ट्या न देता. तिथे काय म्हणतो त्यावरून कळेल.

---

नवीपाटी

पट्ट्या दिल्या. आधी म्हणाला, ‘सहावाला तुकडा बारका हाय.’ मग बराच वेळ काही बोलला नाही, मी थांबलो. नंतर म्हणाला, ‘म्हणजे सहात कमी तुटलंय.’ आणि ५/६ ला गोल केला. ७/८ आणि ९/१० ला पट्टी मागितली नाही, ९/१० मोठा म्हणाला, कारण ‘दहावा तुकडा लई बारका’.

पण शेजारची मुलगी, जिचं पहिलं उत्तर बरोबर होतं, ती म्हणते ३/४ पेक्षा ५/६ मोठा कारण ५ आणि ६ दोन्ही आकडे मोठे आहेत. तिला आता ३/४ आणि ५/८ देणार आहे.

---

रानजाई

उत्तम निवड. बरोबर उत्तरांमागची कारणंही विचारायला हवीत हे तुम्ही स्वतःच शोधलंत. तिने ५/८ मोठा म्हटलं तर त्याच पट्टीला आणखी एक घडी घाला, चारचे आठ होतात. ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत इथे लिहा.